एच.आय.व्ही. प्रतिपिंड चाचणीची अचूकता : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रक्ततपासणीचा अहवाल हा सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने अंतिम शब्द असतो. डॉक्टरांच्या बोलण्यावर तो एकवेळ शंका घेईल. परंतु प्रयोगशाळेच्या छापील कागदावर सहसा घेत नाही. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर हा कागद माणसाचे वैवाहिक जीवन, रोजगार आणि गावातील स्थान या सर्वांचा निकाल लावू शकतो. म्हणूनच ही चाचणी नेमके काय सांगते, काय सांगत नाही आणि ती किती विश्वसनीय आहे, याची जाण केवळ वैद्यकीय व्यवसायातील लोकांपुरती मर्यादित राहता कामा नये.

बुलढाणा हा विदर्भाच्या पश्चिम सीमेवरील तेरा तालुक्यांचा, प्रामुख्याने ग्रामीण जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी होती. मलकापूर, नांदुरा व खामगाव ही गावे मुंबई-नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ वर, म्हणजे आजच्या क्र. ५३ वर वसलेली आहेत. मालवाहतूक, रोजगारासाठी होणारे स्थलांतर आणि शेगावसारख्या तीर्थक्षेत्री येणारी भाविकांची वर्दळ यांमुळे हा जिल्हा बाहेरच्या जगाशी सतत जोडलेला असतो. तथापि येथील बहुसंख्य लोकांना एच.आय.व्ही.चा धोका अत्यल्प आहे, ही गोष्टही तितकीच खरी आहे. धोका अत्यल्प असलेल्या समाजात चाचणीच्या अहवालाचा अर्थ कसा लावावा, हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. चाचणीची अचूकता केवळ संचाच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते; चाचणी कोणाची, केव्हा आणि किती वेळा केली, यावरही ती तितकीच अवलंबून असते, हे येथे उदाहरणांसह स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. चाचणी विषाणूची नव्हे, प्रतिपिंडांची

शरीरात विषाणूचा प्रवेश झाला की रोगप्रतिकारक यंत्रणा त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे किंवा अँटिबॉडीज म्हणतात. विषाणूच्या ज्या भागांमुळे ही प्रतिपिंडे निर्माण होतात त्या भागांना प्रतिजन असे म्हणतात. प्रचलित एच.आय.व्ही. चाचण्यांपैकी बहुतेक चाचण्या रक्तात विषाणूचा शोध घेत नाहीत, तर शरीराने त्याला दिलेल्या उत्तराचा शोध घेतात. शेतात वाघ दिसला नाही तरी पाऊलखुणांवरून तो येऊन गेल्याचे अनुमान काढावे, तसाच हा प्रकार होय. अनुमान बहुधा बरोबर ठरते. परंतु ते अनुमानच असते.

एलायझा या पद्धतीत प्लास्टिकच्या लहान कूपिकांच्या तळाशी विषाणूचे प्रतिजन चिकटवलेले असतात. त्यात रक्तद्रव घातल्यावर प्रतिपिंडे असल्यास ती प्रतिजनांना जाऊन चिकटतात. धुण्याच्या क्रियेत उर्वरित घटक निघून जातात आणि त्यानंतर घातलेल्या विकर-युक्त द्रावणामुळे रंग निर्माण होतो. रंगाची तीव्रता यंत्राने मोजून ठरावीक सीमारेषेशी ताडून पाहिली जाते. सीमारेषेच्या वर असलेला नमुना 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणजे प्रतिक्रियाशील आणि खालचा 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' समजला जातो. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर करता येणाऱ्या जलद चाचण्यांमध्ये हेच तत्त्व पट्टीवर किंवा पटलावर वापरलेले असते आणि निष्कर्ष साधारणतः अर्ध्या तासाच्या आत मिळतो.

या पद्धतीतील सीमारेषा हा माणसाने घेतलेला निर्णय असतो. ती खाली आणली तर एकही बाधित नमुना सुटत नाही. परंतु काही निरोगी नमुनेही प्रतिक्रियाशील ठरतात. वर नेली तर निरोगी माणसांना त्रास होत नाही. परंतु काही बाधित नमुने निसटतात. एच.आय.व्ही.ची पहिली एलायझा चाचणी अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये संमत झाली ती मुख्यतः रक्तपेढ्यांतील रक्त सुरक्षित ठेवण्यासाठी. तेथे संशयास्पद पिशवी फेकून दिल्याने होणारे नुकसान किरकोळ आणि दूषित पिशवी रुग्णाला दिल्याने होणारे नुकसान अपरिमित असते. साहजिकच 'एकही सुटू नये' हे तत्त्व स्वीकारले गेले. रक्ताच्या पिशवीसाठी योग्य असलेले हे तत्त्व माणसाच्या निदानाला जसेच्या तसे लावले की अनर्थ ओढवतो.

२. संवेदनशीलता, विशिष्टता आणि भाकीतमूल्य

चाचणीची गुणवत्ता दोन परिमाणांनी सांगितली जाते. प्रत्यक्ष बाधित असलेल्या शंभर व्यक्तींपैकी किती जणांना चाचणी बाधित ठरवते, ही तिची संवेदनशीलता. प्रत्यक्ष निरोगी असलेल्या शंभर व्यक्तींपैकी किती जणांना ती निरोगी ठरवते, ही तिची विशिष्टता. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार एच.आय.व्ही. चाचणीसंचाची संवेदनशीलता किमान ९९ टक्के आणि विशिष्टता किमान ९८ टक्के असावी लागते. हे आकडे वाचल्यावर 'म्हणजे अहवाल ९८ टक्के खरा' असा निष्कर्ष सहज काढला जातो. सुशिक्षितांमध्येही आढळणारा हा समज चुकीचा आहे.

रुग्णाला पडणारा प्रश्न वेगळा असतो. 'माझी चाचणी प्रतिक्रियाशील आली आहे. तर मी खरोखर बाधित असण्याची शक्यता किती?' या प्रश्नाच्या उत्तराला सकारात्मक भाकीतमूल्य म्हणतात आणि ते समाजातील संसर्गाच्या प्रमाणानुसार बदलते. २०१९ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण ०.३६ टक्के होते. केवळ गणित समजण्यासाठी हेच प्रमाण घेऊन १०,००० लोकांची तपासणी केली असे मानू. त्यांपैकी ३६ जण बाधित व ९,९६४ जण निरोगी असतील. चाचणीची संवेदनशीलता ९९.५ टक्के व विशिष्टता ९८ टक्के धरल्यास जवळजवळ सर्व ३६ बाधित व्यक्ती ओळखल्या जातील. मात्र निरोगी व्यक्तींपैकी दोन टक्के, म्हणजे १९९ जणही प्रतिक्रियाशील ठरतील. एकूण २३५ प्रतिक्रियाशील अहवालांपैकी खरे फक्त ३६, म्हणजे सुमारे १५ टक्के. विशिष्टता ९९.५ टक्के असलेला अधिक चांगला संच वापरला तरी ५० निरोगी व्यक्ती प्रतिक्रियाशील ठरतील आणि भाकीतमूल्य ४२ टक्क्यांच्या आसपासच राहील.

आता हाच पहिला संच ज्या गटात दहा टक्के लोक बाधित आहेत अशा गटात वापरून पाहू. १०,००० पैकी १,००० जण बाधित. त्यांतील ९९५ ओळखले जातील. ९,००० निरोगी व्यक्तींपैकी १८० चुकीने प्रतिक्रियाशील ठरतील. येथे भाकीतमूल्य सुमारे ८५ टक्के येते. संच तोच, तंत्रज्ञ तोच, प्रयोगशाळा तीच. तरीही अहवालाची विश्वसनीयता १५ वरून ८५ टक्क्यांवर गेली, कारण तपासलेला गट बदलला. म्हणून गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिली चाचणी आणि दीर्घकाळ ताप, वजनातील घट व क्षयरोग असलेल्या रुग्णाची पहिली चाचणी यांचे निष्कर्ष कागदावर सारखे दिसले, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो.

३. तीन चाचण्यांचे धोरण

या गणितातून मार्ग काढण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, हेतूनुसार निरनिराळी धोरणे आखली. रक्तपेढीत एका अतिसंवेदनशील चाचणीवरून पिशवी बाद केली जाते. आजाराची लक्षणे असलेल्या रुग्णाच्या निदानासाठी दोन, तर लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या निदानासाठी तीन निरनिराळ्या संचांवर चाचणी करण्याची पद्धत रूढ झाली.

वरील उदाहरणातील २३५ प्रतिक्रियाशील व्यक्तींची दुसऱ्या संचावर तपासणी केली तर १९९ निरोगी व्यक्तींपैकी साधारण चारच पुन्हा चुकीने प्रतिक्रियाशील ठरतील. म्हणजे दोन्ही संचांवर प्रतिक्रियाशील आलेल्या ४० व्यक्तींपैकी ३६ खरोखर बाधित असतील. भाकीतमूल्य ९० टक्के. तिसऱ्या संचानंतर चुकीच्या निष्कर्षाचे प्रमाण तपासलेल्या दहा लाख लोकांमागे सुमारे आठ इतके खाली येते. पंधरावरून नव्वद आणि नव्वदवरून नव्याण्णवच्या पुढे, असा हा प्रवास आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे. तिन्ही संचांतील प्रतिजन किंवा चाचणीचे तत्त्व वेगवेगळे असले पाहिजे. एकच संच तीनदा वापरला तर पहिल्या वेळी ज्या कारणाने चूक झाली त्याच कारणाने ती पुन्हा होऊ शकते. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारणे आणि तीन स्वतंत्र साक्षीदारांना विचारणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

पहिली चाचणी प्रतिक्रियाशील, परंतु उर्वरित दोन्ही नसतील तर अहवाल नकारार्थी दिला जातो. तीनपैकी दोन प्रतिक्रियाशील आणि एक नसेल तर अहवाल 'अनिश्चित' समजून दोन ते चार आठवड्यांनी नवीन नमुना तपासला जातो. 'अनिश्चित' हा शब्द रुग्णाला अस्वस्थ करतो; पण तो प्रयोगशाळेचा प्रामाणिकपणा आहे, तिचे अपयश नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये, संसर्गाचे प्रमाण घटत चालल्याचे लक्षात घेऊन, सकारात्मक निदानासाठी सर्वत्र लागोपाठ तीन प्रतिक्रियाशील चाचण्यांची शिफारस केली. रोग जसजसा आटोक्यात येतो तसतसे एकाकी चाचणीचे भाकीतमूल्य घसरत जाते, हे त्यामागील कारण होय.

ग्रामीण भागात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या स्तरावर होणारी एकच जलद चाचणी ही चाळणी असते, निदान नसते. तेथे प्रतिक्रियाशील आढळलेल्या व्यक्तीला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवून पुढील तपासणी करणे अपेक्षित असते. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक दाण्याला खडा समजणे जसे चूक, तसेच या टप्प्यावर कोणाला 'बाधित' म्हणणे चूक आहे.

४. गवाक्ष काळ : नकारार्थी अहवालाची मर्यादा

आतापर्यंत चुकीच्या सकारात्मक निष्कर्षाचा विचार केला. नकारार्थी अहवालाचीही एक मर्यादा आहे. संसर्ग झाल्यापासून चाचणीत आढळतील इतकी प्रतिपिंडे तयार होईपर्यंत काही दिवस जातात. या मधल्या अवधीला गवाक्ष काळ किंवा विंडो पिरियड म्हणतात. या काळात रक्तात विषाणू असतो, व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते, तरीही प्रतिपिंड चाचणी नकारार्थी येते. जलद प्रतिपिंड चाचणीत हा अवधी साधारण २३ ते ९० दिवसांचा असतो. पी-२४ हा प्रतिजन व प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशालेय चाचणीत तो साधारण १८ ते ४५ दिवसांचा, तर विषाणूची जनुकीय सामग्री शोधणाऱ्या चाचणीत १० ते ३३ दिवसांचा असतो. म्हणून जोखमीच्या प्रसंगानंतर आठवडाभरात आलेला नकारार्थी अहवाल निर्धास्त करणारा नसतो. तीन महिन्यांनी फेरतपासणी आवश्यक ठरते.

रक्त संक्रमणाच्या क्षेत्रात या मर्यादेला फार महत्त्व आहे. संच कितीही चांगला असला तरी गवाक्ष काळातील दात्याचे रक्त प्रतिपिंड चाचणीतून निसटते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानंतर पैसे घेऊन रक्त देण्याच्या पद्धतीवर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आली. त्यामागील वैद्यकीय तर्क समजून घेण्यासारखा आहे. स्वेच्छेने रक्तदान करणाऱ्या समूहात संसर्गाचे प्रमाण कमी, म्हणून गवाक्ष काळातील दाते कमी आणि म्हणून निसटणाऱ्या पिशव्याही कमी. रक्तदान शिबिरात दात्याने आपल्या आरोग्याविषयी खरी माहिती देणे हा सुरक्षिततेचा पहिला टप्पा असतो; चाचणी हा दुसरा. आपली एच.आय.व्ही. तपासणी फुकट व्हावी या हेतूने रक्तदान करणे हे म्हणूनच धोकादायक होय.

५. नवजात बालके आणि उपचाराखालील रुग्ण

दोन प्रसंगी प्रतिपिंड चाचणी तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. पहिला प्रसंग नवजात बालकांचा. बाधित मातेची प्रतिपिंडे वारेतून बालकाच्या शरीरात जातात आणि जन्मानंतर अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे अशा बालकाची प्रतिपिंड चाचणी प्रतिक्रियाशील येते. परंतु ती प्रतिपिंडे आईची असतात. बालकाचे निदान करण्यासाठी सहा आठवड्यांच्या वयापासून विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी चाचणी करतात. त्यासाठी टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशेष कागदावर सुकवून प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. अठरा महिने पूर्ण झाल्यावर प्रतिपिंड चाचणीने अंतिम खात्री केली जाते. मातेला गरोदरपणीच औषधोपचार मिळाल्यास बालकाला होणारा संसर्ग बहुतांशी टळतो.

दुसरा प्रसंग उपचाराखालील रुग्णांचा. भारतात शासकीय केंद्रांतून मोफत ए.आर.टी. उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूंची संख्या मोजता न येण्याइतकी कमी होते. प्रतिपिंडे मात्र राहतात. त्यामुळे प्रतिपिंड चाचणी पुन्हा प्रतिक्रियाशील आली म्हणून औषध लागू पडत नाही, असे समजू नये. तसेच 'विषाणू आढळला नाही' असा अहवाल म्हणजे आजार समूळ गेला असेही नव्हे. औषध बंद केल्यास विषाणू पुन्हा वाढतो. हमखास बरे करण्याचा दावा करणारे अनेकदा या दोन अहवालांतील फरक रुग्णाला ठाऊक नसण्याचाच फायदा घेतात.

६. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याआधीच्या आणि नंतरच्या चुका

संचावर छापलेली अचूकता आदर्श परिस्थितीतील असते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तुलनेने थंड असले तरी मलकापूर, नांदुरा, शेगाव या सखल भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अनेक संच २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवावे लागतात. वाहतुकीत शीतपेटी बिघडणे, वीज खंडित होणे, मुदत संपलेला संच वापरणे, ठरलेल्या वेळेपूर्वी किंवा नंतर निष्कर्ष वाचणे, अथवा नळीवरील क्रमांकाची अदलाबदल होणे यांपैकी कोणत्याही कारणाने अहवाल चुकू शकतो. शेवटचे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत घातक. त्यात एका निरोगी माणसाला आजार चिकटवला जातो आणि एका आजारी माणसाला उपचारापासून वंचित ठेवले जाते. म्हणूनच प्रत्येक तुकडीसोबत ज्ञात नमुने तपासणे आणि बाह्य गुणवत्ता परीक्षणात सहभागी होणे आवश्यक असते. पुण्याच्या भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था याच साखळीत राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करीत आली आहे.

७. समाजाचे मोजमाप : दोन उदाहरणे

जे व्यक्तीच्या बाबतीत खरे, ते समाजाच्या मोजमापातही खरे ठरते. भारतात सुमारे ५२ लाख लोक एच.आय.व्ही. बाधित असल्याचा अंदाज २००५ साठी वर्तवला गेला होता. २००७ मध्ये सुधारित अंदाज आला तो सुमारे २५ लाखांचा. रोग एकाएकी निम्मा झाला नव्हता. पूर्वीचे अंदाज मुख्यतः शासकीय दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया व लैंगिक आजारांचे रुग्ण यांच्या नमुन्यांवर आधारलेले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरच्या एक लाखाहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. त्यात १५ ते ४९ वयोगटातील प्रमाण देशात ०.२८ टक्के आणि महाराष्ट्रात ०.६२ टक्के आढळले. देखरेख केंद्रांची संख्याही दरम्यान वाढली होती. कोणाचे रक्त तपासले, यावर राष्ट्राचा आकडा बदलला.

दुसरे उदाहरण कोविड-१९ चे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये 'कवच' ही एलायझा चाचणी विकसित केली. तिची संवेदनशीलता ९२.३७ टक्के व विशिष्टता ९७.९ टक्के नोंदवली गेली. मे-जून २०२० मधील पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणासाठी महाराष्ट्रातून निवडलेल्या सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा शेजारी जळगावही होता. सर्वेक्षणात प्रौढांतील संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. केवळ पहिल्या चाचणीवर विसंबले असते तर १०,००० लोकांत ७३ खऱ्या बाधितांमागे सुमारे दोनशे निरोगी व्यक्ती बाधित गणल्या गेल्या असत्या. म्हणूनच प्रतिक्रियाशील नमुने दुसऱ्या संचावर तपासून आकडेवारीत आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली. विषाणू बदलला तरी तर्कशास्त्र बदलत नाही.

८. सक्ती की संमती?

विवाहापूर्वी एच.आय.व्ही. चाचणी सक्तीची करावी, अशी सूचना महाराष्ट्र व गोव्यासह काही राज्यांत २००० नंतरच्या दशकात पुढे आली होती. हेतू चांगला असला तरी अचूकतेच्या दृष्टीने तिच्यात दोन दोष आहेत. धोका अत्यल्प असलेल्या तरुण-तरुणींत एकाच चाचणीवर निर्णय घेतला, तर चुकीने प्रतिक्रियाशील ठरणाऱ्यांची संख्या खऱ्या बाधितांपेक्षा अधिक असू शकते. दुसरीकडे, गवाक्ष काळातील व्यक्तीला हीच चाचणी निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देते. मोडलेले लग्न पुढे दुरुस्त अहवालाने जुळत नाही आणि त्याची झळ बहुधा मुलीलाच अधिक बसते. स्वेच्छेने, समुपदेशनासह आणि पूर्ण पद्धतीने केलेली तपासणी मात्र दोघांच्याही हिताची आहे.

संसदेने २०१७ मध्ये संमत केलेला एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. जाणीवपूर्वक संमतीशिवाय चाचणी करणे आणि संमतीशिवाय व्यक्तीची स्थिती उघड करणे यांस त्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. तसेच नोकरी, शिक्षण व उपचार यांतील भेदभावाला प्रतिबंध केला आहे. गोपनीयतेची ही तरतूद केवळ मानवतेच्या दृष्टीने नव्हे, तर शास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. अपुऱ्या अहवालाची वाच्यता झाली की नंतरचा अचूक अहवाल गावापर्यंत पोहोचत नाही.

समारोप

एच.आय.व्ही.ची प्रतिपिंड चाचणी ही आधुनिक वैद्यकशास्त्रातील अत्यंत विश्वसनीय चाचण्यांपैकी एक आहे. मात्र ही विश्वसनीयता एका पट्टीत नसून पूर्ण पद्धतीत आहे. अहवाल हाती आल्यावर चार प्रश्न विचारले पाहिजेत : चाचणी किती वेगवेगळ्या संचांवर झाली? जोखमीच्या प्रसंगानंतर किती दिवसांनी झाली? नमुना निःसंशय त्याच व्यक्तीचा आहे काय? आणि अहवाल समुपदेशकाने समजावून सांगितला आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर सकारात्मक अहवाल नाकारण्यात अर्थ नाही. त्वरित उपचार सुरू करणे हेच हिताचे. उत्तरे अपुरी असतील तर घाबरून किंवा निर्धास्त होऊन चालणार नाही. जवळच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पुन्हा तपासणी करून घ्यावी. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी ही साधी गोष्ट गावोगाव पोहोचवली, तर एखादे घर केवळ पहिल्या चाचणीच्या कागदावरून मोडणार नाही आणि खऱ्या रुग्णाला उपचारासाठी उशीर होणार नाही.